गेटपास

प्रा. घनश्याम भोयर यांनी आयुष्यात दारूचा थेंब चाखला नव्हता, आणि ही गोष्ट भेटल्यावर पहिल्या दहा मिनिटांतच समोरच्याला कळत असे. खोकल्याचं औषध घेतानासुद्धा ते बाटली उजेडाकडे धरून अल्कोहोल किती टक्के आहे ते वाचायचे. स्वतःच्या लग्नात बँडवाले प्यायलेले निघाले, तेव्हा त्यांनी भर रस्त्यात वरात थांबवून बँड परत पाठवला होता आणि मांडवापर्यंतची सगळी वाट वऱ्हाडाने नुसत्या चपलांच्या आवाजात कापली होती. त्यांच्या पत्नी कुमुदताई अजून ही हकिगत सांगतात, आणि अजूनही सांगताना हसावं की रडावं हे त्यांचं ठरत नाही.

असा माणूस सावंगधऱ्याच्या अभियांत्रिकी कॉलेजात मुलांच्या होस्टेलचा रेक्टर झाला, हे ओघानेच आलं. जिल्ह्यात दारूबंदी होऊन मुलांच्या आजोबांचा जमाना लोटला होता. फक्त दारूला ते कुणी कळवलं नव्हतं. मुलं प्यायची. पिऊन टाकीवर चढायची, जिन्यात झोपायची, आणि एकदा एक जण प्राचार्यांच्या गाडीत बसून 'अमरावती, अमरावती' म्हणून ओरडत सवाऱ्या गोळा करताना सापडला होता. सर त्यांना पकडायचे, बाटल्या जप्त करायचे आणि महिन्यातून एकदा सगळ्यांना अंगणात रांगेने उभं करून त्या बाटल्या बोगनवेलीच्या मुळाशी ओतायचे. बोगनवेल अफाट फुलायची.

मग शुद्धासन आलं.

दिसायला ती दातांच्या डॉक्टरकडे असते तशी खुर्ची होती. दारू उतरायला वेळ लागतो, कारण उतरवण्याचं सगळं काम एकट्या यकृतावर पडतं, आणि यकृत ते सरकारी चालीने करतं. ताक पाजलं, लिंबू चोखायला दिलं, डोक्यावर थंड पाणी ओतलं, तरी त्याची चाल वाढत नाही. फार तर दारुडा ओला होतो. संशोधकांनी काय केलं, तर यकृतातली दारू मोडणारी एन्झाइम घेतली, त्यांना डोळ्याला न दिसणाऱ्या इवल्या पिशव्यांत बंद केलं आणि त्या पिशव्या खुर्चीतल्या सुईवाटे थेट रक्तात सोडल्या. जे काम यकृताला रात्रभर पुरायचं ते रक्तातच, वाहता वाहता, एक चहा पिऊन होईस्तोवर आटपायला लागलं. मोठ्या शहरांतल्या तातडीच्या विभागांत या शोधाने खरोखर जीव वाचवले. मित्रांनी खांद्यावर टाकून आणलेली, श्वास अडकलेली, स्वतःच्याच उलटीत गुदमरणारी मुलं आता तासाभरात उठून घरचा पत्ता सांगायची. तेव्हा दूरच्या कॉलेजांनाही खुर्च्या मिळाल्या.

सावंगधऱ्यात सुरुवातीला मजाच झाली. शुद्धासन अतिशय शुद्ध, सदाशिवपेठी मराठीत बोलायचं. "आपण शुद्धीवर येत आहात. कृपया हालचाल करू नये." नशा इतकी चटकन उतरायची की माणूस वाक्याच्या मधेच अडकायचा. दुसऱ्या वर्षाचा एक जण खुर्चीत बसून वर्गातल्या एका मुलीला फोनवर स्वतःची कविता ऐकवत होता. तिसऱ्या ओळीला तो पूर्ण शुद्धीवर आला, आणि चौथी ओळ यमकासकट तोंडाशी आलेली असताना त्याला कळलं की आपण काय करतोय. पूर्वी 'काल जास्त झाली होती, काही आठवत नाही' एवढं म्हटलं की भागायचं. आता सगळं आठवायचं.

एवढ्यावर थांबले असते तर ते भोयर सर कसले. त्यांनी होस्टेलच्या गेटवर हाताचा पंजा ठेवायची पाटी बसवून घेतली. घामातून मद्याचा अंश हुडकायची तिची रीत होती. अंश सापडला की दार लाल व्हायचं, मुलाला थेट शुद्धासनावर बसवलं जायचं आणि त्याच क्षणी घरी निरोप जायचा : 'आपला पाल्य मद्यप्राशन केलेल्या अवस्थेत आढळला.' दुसऱ्यांदा निरोप गेला की त्याला होस्टेल बंद.

खुर्ची बसवायला आलेला कंपनीचा इंजिनियर म्हणाला होता, "सर, निरोपाची जोडणी नका करू. पोरं मग खुर्चीपाशी येणारच नाहीत."

"येतील कशी नाहीत? गेट एकच आहे," सर म्हणाले होते.

हेच त्यांच्या मुलीनेही सांगितलं होतं, जरा कमी आदराने. डॉ. शलाका नागपूरच्या एका इस्पितळात विषबाधेच्या विभागात होती. "बाबा, खुर्ची दवाखान्याची आहे. तुम्ही तिचं पोलीस ठाणं केलंत." पण तिचं ऐकण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्याच आठवड्यात सरांनी तिचा नाशिकच्या एका द्राक्षमळ्यातला फोटो पाहिला होता. शलाकाच्या हातात उंच दांडीचा ग्लास होता, आणि त्यात जे होतं ते कोकम सरबत नव्हतं. सर फोनवर एवढंच म्हणाले, "आजपासून तुझा माझा बोलण्याचा संबंध नाही." ती म्हणाली, "बरं." दोघंही भोयरच. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं कुमुदताईंच्या मार्फत चालायचं. "तिला सांग, संत्र्यांची पेटी पाठवली आहे." "त्यांना सांग, मिळाली. आणि रक्तदाबाची गोळी चुकवू नका म्हणावं."

पहिल्या सत्रात गेट रोज लाल व्हायचं. सत्र संपत आलं तसं कमी होत गेलं, आणि दिवाळीनंतर तर थांबलंच. हिरवं, हिरवं, नुसतं हिरवं. सरांनी दर्शनी भिंतीवर फलक लावला : 'शून्य मद्य होस्टेल.' दुसऱ्या कॉलेजांचे रेक्टर बघायला येऊ लागले. सर त्यांना शुद्धासन दाखवायचे, चहा पाजायचे आणि म्हणायचे, "धाक हवा, बाकी काही नाही."

धाक होताच. धाकानेच तर गावाबाहेरच्या विटभट्टीमागे एक नवा माल विकायला येऊ लागला होता. गेटवरची पाटी ओळखायची फक्त इथेनॉल, म्हणजे दारूतलं नेहमीचं मद्य. मग विकणाऱ्यांनी दारूत इथेनॉल पाटीला कळणार नाही इतकं नावापुरतं ठेवून बाकीची किक दुसऱ्याच कुठल्या स्पिरिटची भरली. मुलांनी त्या मालाचं नाव ठेवलं 'गेटपास'. पी, पंजा ठेव, हिरव्या दिव्यात आत ये. त्यात काय आहे हे कुणी विचारलं नाही. पाटीला चालतं म्हणजे पोटालाही चालत असेल, असा सगळ्यांचा समज.

एप्रिलातल्या एका रविवारी, सर ऑफिसात बसून पेपर तपासत असताना, तिसऱ्या वर्षाचा सम्यक नगराळे एका मुलाचा दंड धरून आत आला. सम्यक म्हणजे होस्टेलचा बिनपदाचा पुढारी. पंख्याच्या तक्रारीपासून प्रेमभंगापर्यंत सगळी प्रकरणं त्याच्याकडे यायची. आणि त्याने धरून आणलेला मुलगा म्हणजे पहिल्या वर्षाचा विहान उमाटे. अंगाने बारीक, स्वभावाने इतका नम्र की आत येताच त्याने कोपऱ्यातल्या पाण्याच्या कूलरला वाकून "नमस्कार सर" म्हटलं.

सर खुर्चीतून उठले. "हा काय चावटपणा?"

"चावटपणा नाही सर," सम्यक म्हणाला. "त्याले दिसून नाही राहिलं. सकाळपासून पोट धरून पडला होता. मघाशी मेसमध्ये त्यानं भाताच्या ऐवजी वरणात हात घातला. पोट्टे हसले. मग तो रडाले लागला, तवा आम्हाले समजलं."

"सर," विहान कूलरकडेच बघत म्हणाला, "मले सगळीकडे धुकं दिसते. पांढरं पांढरं. पोटातही लई दुखते."

बाहेर डांबर वितळेल असं ऊन होतं. विहान धाप लागल्यासारखा खोल खोल श्वास घेत होता.

"काय प्यायलास?"

सम्यक खिडकीबाहेर बघू लागला.

"मी विचारतोय, काय प्यायलास?"

"काल संध्याकाळी गेटपास घेतला सर," सम्यकनेच सांगितलं, आणि मग गेटपास म्हणजे काय तेही सांगितलं. सरांच्या चेहऱ्यावरून शून्य मद्य होस्टेल हळूहळू उतरत गेलं. पण ओरडायची ही वेळ नाही एवढं त्यांना कळलं. त्यांनी विहानला धरून शेजारच्या खोलीत शुद्धासनावर बसवलं.

"अल्प मद्यांश आढळला," खुर्ची म्हणाली. "शुद्धीकरण सुरू करावे काय?"

सरांचं बोट हिरव्या बटणावर गेलं.

"सर, एक मिनिट," सम्यक म्हणाला. "पिल्यावर गरगरते, हे मले माहीत आहे. पण रात्र गेली, दारू उतरली, अन् आता दिसणं बंद झालं. असं कधी होते का? कोणाले विचारून तर घ्या."

विचारायचं म्हणजे कुणाला, हे सरांना लगेच कळलं, आणि कळल्याबरोबर त्यांना ते नको झालं. त्यांनी गावातल्या आरोग्य केंद्राचा नंबर आठवून पाहिला. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. विहानने चाचपडत त्यांचा हात धरला आणि विचारलं, "सर, लाईट गेली का?"

सरांनी शलाकाला फोन लावला.

"बाबा?" तिचा आवाज एकदम घाबरा झाला. "आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. एक मुलगा आहे." सरांनी भराभर सांगितलं : काल संध्याकाळ, विटभट्टी, गेटपास, धुकं, पोटदुखी, श्वास.

"खुर्चीचं बटण दाबलंत?"

"दाबणारच होतो."

"हात मागे घ्या. बाबा, हात मागे घेतलात का? व्हिडिओ लावा, मला दिसू दे."

सरांनी व्हिडिओ लावला आणि हात वर करून दाखवला, पोलिसांपुढे करतात तसा. शलाकाने आधी तिकडे कुणाला तरी अँब्युलन्स पिटाळायला सांगितलं, विहानचा चेहरा, श्वास, डोळ्यांच्या बाहुल्या कॅमेऱ्यातून नीट पाहिल्या, आणि मग ती बोलली.

"हे मिथेनॉल आहे. स्वतः ते फारसं विषारी नाही. पण यकृत ते मोडायला घेतं आणि मोडून त्याचं जे ॲसिड बनतं, ते डोळ्यांच्या नसा जाळतं. म्हणून रात्रभर काही कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी माणूस आंधळा होतो. पुढे मरतो. तुमची खुर्ची काय करते? यकृताचंच काम, शंभरपट वेगाने. बटण दाबलं असतंत तर तो खुर्चीतच गेला असता."

सर बाजूच्या स्टुलावर बसले.

"ऐका, बसू नका," शलाका म्हणाली. "यावर खास औषध आहे, ते अँब्युलन्समधून निघालंय. ड्रोनने पाठवलं असतं, पण इकडे अवकाळीचं वादळ आहे, सगळे ड्रोन जमिनीवर. गाडीला वेळ लागणार. तोवर यकृताला दुसऱ्या कामाला लावायचं. यकृत म्हणजे एसटी स्टँडवरच्या खिडकीतला एकटा कारकून आहे असं समजा. इथेनॉल त्याच्या ओळखीचं गिऱ्हाईक. ते रांगेत दिसलं की तो मिथेनॉलकडे बघतसुद्धा नाही. तोवर मिथेनॉल आपलं लघवीवाटे जाईल तेवढं जातं, आणि उरलेलं आम्ही इथे डायलिसिसवर काढू. कळलं?"

"कळलं. मग काय देऊ त्याला?"

"दारू."

"शलाका, ही थट्टेची वेळ नाही."

"मी थट्टा करत नाहीये. पिण्याची, चांगली, सीलबंद दारू शोधा. तो शुद्धीत आहे, गिळू शकतो, तोवरच. किती द्यायची, कशी द्यायची ते मी सांगेन. माझ्या नजरेसमोर."

"प्रयोगशाळेत स्पिरिट आहे," सर आशेने म्हणाले.

"त्यात लोकांनी पिऊ नये म्हणून मिथेनॉलच मिसळतात. सॅनिटायझरही नको. बाबा, जिल्ह्यात एवढी वर्षं दारू पकडताय. कुठे तरी असेल ना?"

असणार होती. परवाच सरांनी कॉलेजच्या कुंपणाबाहेर सापडलेल्या दोन कोऱ्या बाटल्या बोगनवेलीला घातल्या होत्या.

सर ऑफिसात आले. होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर स्पीकर होता. त्यावरून ते रोज सकाळी सुविचार सांगत. त्यांनी माईक चालू केला आणि सवयीने घसा साफ केला. ते म्हणाले, "विद्यार्थी मित्रांनो, मी भोयर बोलतोय. मला दारू पाहिजे."

होस्टेलमध्ये असा शुकशुकाट पसरला की तळमजल्यावरच्या नळाचं थेंब थेंब गळणं तिसऱ्या मजल्यावर ऐकू आलं असतं.

"सीलबंद असावी. चांगल्या प्रतीची असावी. ज्यांच्याकडे असेल त्यांनी ताबडतोब ऑफिसात आणून द्यावी. धन्यवाद."

कुणी आलं नाही. सम्यक वर जाऊन आला. "सर, पोट्टे म्हणतात हा सापळा आहे. दुसऱ्या मजल्यावरच्यांचं म्हणणं, तुमचं डोकं फिरलं. त्यांनी बाईंना निरोप पाठवला."

तेवढ्यात कुमुदताई खरोखरच क्वार्टरमधून धावत आल्या. हातात ताकाचा तांब्या होता. "काय झालं हो तुम्हाला?"

"मला काही झालेलं नाही. शलाका फोनवर आहे. मुलाजवळ बस आणि तिला तो दिसत राहील असं बघ."

कुमुदताईंनी एकदा नवऱ्याकडे, एकदा पडद्यावरच्या लेकीकडे पाहिलं. मग तांब्या खिडकीत ठेवून विहानजवळ बसल्या.

सर जिन्यात आले. वरच्या कठड्यांवरून डोकी डोकावत होती. सरांनी वर बघितलं की मागे सरत होती. सरांनी खिशातून होस्टेलच्या कामाचा दुसरा मोबाइल काढला आणि गेटचं नियंत्रण उघडून हात उंच धरला.

"हे बघा. घरी जाणारा निरोप मी बंद करतोय."

"पालक-सूचना बंद करायची आहे. आपली खात्री आहे काय?" मोबाइलमधून तोच पुणेरी आवाज आला.

"हो."

"यामुळे होस्टेलची शिस्त बिघडू शकते. आपली खात्री आहे काय?"

"अगं बाई, हो!"

वर कुणीतरी फिसकन हसलं. पण पावलं काही हलली नाहीत. सरांनी मोबाइल खाली केला. त्यांना वर्गात मोठ्याने बोलायची पंचवीस वर्षांची सवय होती, आणि आता आवाज निघाला तो एवढासा.

"पोरांनो, विहान उमाटेचे डोळे चाललेत. अँब्युलन्स येईपर्यंत त्याला दारू पाजली नाही तर तो आंधळा होईल, कदाचित मरेल. तो सकाळपासून त्रासात होता आणि तुम्ही त्याला लगेच माझ्याकडे आणलं नाही. का आणलं नाही, ते मला कळतं. आत्ता मला कुणाचं नाव नको आहे. फक्त बाटली पाहिजे."

मग सम्यक पुढे आला. "सर, जरा तुमच्या ऑफिसची किल्ली द्या. कपाटाची."

"माझ्या कपाटाची? कशाला?"

"द्या तर खरी."

सरांच्या कपाटात वरच्या खणात विद्यापीठाच्या जुन्या अहवालांचे जाड गठ्ठे होते. सम्यकने स्टुलावर चढून ते बाजूला केले, आणि मागून एकापाठोपाठ एक बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. लोखंडी मेज भरत आलं.

सर आ वासून बघत राहिले. "हे इथे केव्हापासून?"

"तुम्ही आल्यापासून सर. सगळ्या होस्टेलची झडती होते, ह्या एका खोलीची होत नाही. आमची किल्ली वर राहिली, म्हणून तुमची मागितली."

मग जणू धरण फुटलं. वरून मुलं उतरू लागली. कुणी बुटातून, कुणी गिटारच्या पोटातून, कुणी उशीतून बाटल्या काढून आणल्या. अंतिम वर्षाच्या एका गंभीर, चष्मिष्ट मुलाने, ज्याला सर आदर्श विद्यार्थ्याचं पदक द्यायच्या विचारात होते, चार आणल्या आणि त्या उंचीप्रमाणे मांडल्या. सर प्रत्येक बाटली शेजारच्या खोलीत नेऊन फोनपुढे धरत होते आणि शलाका पलीकडून नापास करत होती.

"ती नको, सील उचकटलेलं आहे. ती पण नको, त्यावरचं नाव चुकीच्या स्पेलिंगने लिहिलंय. ती डावीकडची दाखवा. टक्के किती आहेत?"

सरांनी बाटली उजेडाकडे धरली आणि बारीक अक्षरातले टक्के चष्मा न लावता वाचले.

"ही चालेल," शलाका म्हणाली. "संत्र्याचा रस आहे का घरात?"

कुमुदताईंनी रस आणला. शलाका सांगेल तेवढी दारू सरांनी स्वतःच्या हाताने मोजली, रसात ढवळली आणि पेला विहानच्या ओठांना लावला. वासासरशी विहानने तोंड फिरवलं, तशी थोडी सरांच्या बाहीवर सांडली.

"नको सर. आईशप्पथ, मी सोडली."

"उद्यापासून सोड. आत्ता पी."

"नाही सर, तुम्ही परीक्षा घेऊन राहिले. मी कधीच पिणार नाही सर."

"विहान!" सर ओरडले, आणि मग ओरडणं गिळून त्याच्याजवळ बसले. "बाळा, मी हात जोडतो. पी."

विहानला हात दिसत नव्हते. तरी तो प्याला. थोड्या वेळाने पुन्हा, शलाकाच्या सांगण्यावरून पुन्हा. दारात मुलांची गर्दी गुपचूप उभी होती. रेक्टरच्या हातून दारू पिणारा पहिला विद्यार्थी त्यांच्या डोळ्यांदेखत घडत होता. शुद्धासन मात्र बेचैन झालं. "मद्यांश वाढत आहे," ते म्हणालं. "संबंधित व्यक्तीने हे त्वरित थांबवावे. शुद्धीकरण आपोआप सुरू होण्यास थोडा अवधी—"

सरांनी भिंतीतून खुर्चीची वायर उपटली. इतक्या जोरात की सॉकेटही सोबत आलं.

विहान आता थोडा हसायला लागला होता. त्याने सरांना सांगितलं की सर, तुमचा थर्मोडायनॅमिक्सचा तास फार कंटाळवाणा असतो, पण तुम्ही माणूस चांगले. सर म्हणाले, "बोलत रहा, झोपू नकोस," आणि तो बोलत राहिला. कुठल्या मास्तरांना मुलं काय म्हणतात हे सगळं त्या तासाभरात बाहेर आलं. पलीकडे शलाकाने हसू लपवायला दोनदा तोंडावर हात धरला. कुमुदताईंनी धरला नाही.

अँब्युलन्स आली तेव्हा विहानला अजून धुकंच दिसत होतं, पण ते वाढलं नव्हतं. गाडीतल्या डॉक्टरने सलाईनमधून औषध सुरू केलं. सर सोबत बसले. वाटेत वादळाने पाडलेल्या बाभळीच्या फांद्या गाडीला आडव्या आल्या, तेव्हा ते खाली उतरून त्या ओढत होते, आणि ड्रायव्हर म्हणत होता, "काका, तुमच्या अंगाला दारूचा वास येऊन राहिला, जपून."

नागपूरला विहानला आत नेलं. डायलिसिस सुरू झालं. सर बाहेरच्या बाकावर बसले. बऱ्याच वेळाने शलाका बाहेर आली, केसांवरची टोपी काढत. दोघं समोरासमोर आले, तेव्हा मध्ये कुमुदताई नाहीत हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

"ॲसिड उतरतंय," ती म्हणाली. "डोळ्यांचं उद्या नीट कळेल, पण मला वाटतं वाचतील. आत्ता त्याने माझ्या हाताची बोटं बरोबर मोजली."

सरांनी मान हलवली. मग म्हणाले, "तू सांगितलं होतंस. त्या इंजिनियरनेही सांगितलं होतं."

"हो."

"मला वाटायचं, भीती घातली की मुलं वाचतात."

शलाका त्यांच्या शेजारी बसली. त्यांच्या सदऱ्याची बाही नाकाजवळ नेऊन तिने वास घेतला. "बाबा, तुमच्यापेक्षा मी द्राक्षमळ्यात कमी घेतली होती."

सरांना हसायचं नव्हतं. तरी हसू आलं, आणि एकदा आलं ते आवरेना. बाकावर बसून ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसताना ते हसण्याचंच आहे की नाही हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

एवढ्यात कॉरिडॉरच्या टोकाला धोतर, टोपी आणि गळ्यात तुळशीची माळ घातलेला एक उंच माणूस दिसला. विहानचे वडील, गुलाबराव उमाटे, कुमुदताईंच्या फोनवरून आलेले. त्यांची गावात पिठाची गिरणी होती आणि ते गावच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष होते. नर्सने त्यांना काचेतून मुलगा दाखवला होता आणि कसं आहे तेही सांगितलं होतं, पण आत जाऊन मुलाच्या तोंडाशी वाकल्यावर त्यांना जो वास आला, त्यापुढे बाकीचं काही त्यांच्या कानात शिरलं नव्हतं.

"कोणं पाजली?" त्यांचा आवाज साऱ्या मजल्यावर घुमला. "माह्या पोराले दारू कोणं पाजली?"

सर उठून उभे राहिले. सदरा सरळ केला. "मी," ते म्हणाले. "मी त्याचा रेक्टर, भोयर. मीच पाजली. माझ्या हाताने."

गुलाबरावांचा हात वर गेला. शलाका मधे आली. तिने त्यांना बाकावर बसवलं आणि सांगितलं : विटभट्टीचं विष, त्याचं होणारं ॲसिड, खिडकीतला कारकून, आणि या दारूने त्या कारकुनाला कसं गुंतवून ठेवलं. तिने घाई केली नाही. गुलाबराव ऐकत होते. माळेचा एकेक मणी बोटांतून सरकत होता.

"म्हणजे," ते अखेरीस म्हणाले, "हे पाजलं म्हणून त्याले दिसते?"

"हो काका."

गुलाबरावांनी काचेकडे पाहिलं. आत विहान उशीवर डोकं टेकून वर फिरणाऱ्या पंख्याकडे डोळे लावून पडला होता. मग गुलाबरावांनी डोक्यावरची टोपी नीट केली, सरांच्या कानाशी झुकले आणि हळूच विचारलं,

"अजून पाजा लागते काय जी? मी आणतो."